ताप नसलेला लॅपटॉप

सिस्टर नवीन माणसाला भेटल्या की नाव-गाव विचारायच्या आधी त्याच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून बघत. मी आसेगावच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि भाड्याची खोली बघायला त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा माझंही तेच झालं. मी "नमस्कार, खोली..." एवढंच म्हणाले होते. त्यांनी मला खांद्याला धरून उजेडाकडे वळवलं, पापणी ओढली आणि म्हणाल्या, "पांढरीफट्ट! मास्तरीण ना तू? अशानं पोरायले काय शिकवशीन? खोली भेटते. पन रोज मूठभर शेंगदाणे अन् गूळ खा लागते. कबूल असन तर सामान आन."

भाड्याचा विषय दुसऱ्या दिवशी निघाला, तोही मीच काढला.

आयुष्यभर त्यांनी उपकेंद्रात नर्स म्हणून नोकरी केली होती. गाव त्यांना सिस्टर म्हणायचं, गावाचं ऐकून त्यांचे यजमानही हयात असेपर्यंत सिस्टरच म्हणत, आणि नाशिकला नोकरीला असलेला मुलगा फोनवर चिडला की "सिस्टर, ऐका जरा" असं सुरू करायचा. नोकरीत सगळी वर्षं पांढऱ्या साडीत गेली म्हणून निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरातली एकूण एक पांढरी साडी वाटून टाकली. मी पाहिल्या त्या सिस्टर पोपटी, गुलाबी, जांभळ्या फुलाफुलांच्या साड्यांतल्या. खाली पायात मुलाने पाठवलेले पळायचे बूट. त्या रस्त्याने निघाल्या की लांबूनच कळायचं.

गावातली चाळिशीच्या आतली बहुतेक माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली. त्यामुळे कुणाचीही भीड नव्हती. एकदा ग्रामसभेत एक पुढारी नळाच्या कामावरून काहीतरी वेडंवाकडं समजावून सांगत होता. सिस्टर बायकांच्या रांगेतून उठल्या आणि म्हणाल्या, "याचं काही मनावर घेऊ नका. हा पायाळू हाये. जन्मालेच उलटा आला, मले मालूम हाये ना!" सभा हसून हसून लोळली. तो पुढारीही हसला. दुसरं करणार काय! बाहेर पडताना त्याने सिस्टरांच्या पायाला हात लावला, तेव्हा त्यांनी त्याचीही पापणी ओढून बघितली.

त्यांचं एक वाक्य मात्र गमतीचं नव्हतं. बाई तपासायला आली की तिच्याबरोबर सासू, नणंद, कधी नवरा अशी फौज यायची आणि बाईला काय होतंय ते फौजच सांगायची. सिस्टर हात वर करून सगळ्यांना गप्प करत. "तुमी थांबा. तिले इचारू द्या. पोट तिचं हाये." काही सासवांनी यावरून त्यांच्याशी वर्षानुवर्षं अबोला धरला होता. सिस्टरांना त्या अबोल्यांचा अभिमान होता.

निवृत्तीनंतर त्यांचं अवघड झालं. उपकेंद्रात नवीन सिस्टर आल्या, तरुण, कामसू, बोलायला गोड. आमच्या सिस्टर रोज काही ना काही निमित्त काढून तिकडे जायच्या. शेवटी त्या मुलीने एक दिवस अगदी प्रेमाने सांगितलं, "सिस्टर, तुम्ही आता आराम करा." घरी येऊन सिस्टरांनी भांडी घासायला काढली. घासलेलीच भांडी. "आराम म्हने," असं दर दोन भांड्यांमागे ऐकू यायचं.

आमच्या समोरच्या घरात प्रणाली नावाची सून होती. माहेर कामरगावचं. विशीतली, बारावी झालेली, बोलणं कमी. सासूच्या मते तिला एकच खोड होती, मोबाइलची. गाण्यांचे तुकडे जोडून, त्यावर फुलं-पाखरं फिरवून ती छोटे छोटे व्हिडिओ करायची आणि मैत्रिणींना पाठवायची. तिला सातवा महिना होता. एका दुपारी अंगणातून पाण्याची कळशी नेता नेता ती मधेच खाली बसली. पडली नाही, नुसती हळूच बसली, जसं काही सहज जरा टेकावं. सिस्टर आमच्या ओट्यावरून बघत होत्या. त्या बुटांनिशी धावल्या. पापणी ओढली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"लोहाच्या गोळ्या घेतं का?"

सासू म्हणाली, "घेते ना, रोज रातच्याले घेते."

"मी तुले इचारलं का? पोरी, तू सांग."

प्रणालीने मान हलवली. नाही. गोळ्या तांदळाच्या डब्यात पडून होत्या. मोबाइलवर एक बाई सांगते, त्या गोळ्यांनी बाळ काळं होतं. सासूलाही ते पटलं होतं, फक्त तिला ते सिस्टरांसमोर बोलायचं नव्हतं.

त्या दिवशी सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी जीप बोलावली, स्वतः पुढे बसल्या आणि वाशीमच्या दवाखान्यात प्रणालीला रक्त चढेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. पुढे दिवस भरल्यावर तिला मुलगी झाली. वजनाला कमी, पण आवाजाला खणखणीत. सिस्टर म्हणाल्या, "वाचल्या दोघी. पन वाचल्या म्हनून झालं का?"

मग एका संध्याकाळी त्यांनी प्रणालीकडून तो व्हिडिओ मागवून घेतला. मी शेजारी होते. पडद्यावर एक छान नटलेली बाई, मागे फुलदाणी, आवाज मधासारखा. "मैत्रिणींनो" म्हणत ती अंड्यापासून गोळ्यांपर्यंत एकेक गोष्ट बंद करायला सांगत होती. सिस्टरांनी तो पूर्ण बघितला. मग उठून साबणाने हात धुतले.

"मी घरोघरी फिरून सांगत व्हती," त्या म्हणाल्या. "ही बाई तर बायायच्या उशाखाली जाऊन बसली. मोबाइलवरच्या बाईले मोबाइलवरच उत्तर द्या लागते."

अशी त्यांच्या व्हिडिओची सुरुवात झाली. पहिल्यांदा मी फोन धरला आणि सिस्टर बोलल्या. गोळ्यांपासून निघाल्या त्या सासवा, नवस, पुढारी, रस्त्यावरचे खड्डे असं सगळं करून तास उलटून गेल्यावर थांबल्या. त्यातलं कामाचं तेवढं ठेवून बाकीचं कापायचं, तर त्यांचा जुना फोन भरून गेलेला आणि अर्ध्यावर बंद पडणारा. प्रणाली मुलीला मांडीवर घेऊन हळूच म्हणाली, "याले लॅपटॉप लागते, सिस्टर."

मुलगा नाशिकहून म्हणाला, मी चांगला बघून ऑनलाइन मागवतो. सिस्टर म्हणाल्या, "हात लावल्याबिगर मी काही घेत नाई. तुह्यासाठी पोरगी पाह्यली तवाबी हातात हात घेऊन पाह्यला व्हता तिचा."

आम्ही वाशीमला गेलो. सिस्टर, मी, आणि मुलीला डोस द्यायचा म्हणून प्रणाली. बाजारातल्या एका जैन तरुणाचं ते दुकान. वडिलांच्या भांड्यांच्या दुकानाला लागून त्याने कॉम्प्युटरचं नवं दुकान थाटलेलं. आमचं बजेट ऐकून त्याने दोन लॅपटॉप काढून काउंटरवर ठेवले. रंग तोच, पडदा तेवढाच, किमतीत फार फरक नाही.

"मावशी, फरक प्रोसेसरचा आहे," तो म्हणाला.

"म्हंजे कायचा?"

"प्रोसेसर म्हणजे मशीनचं डोकं समजा. हा पहिला आहे ना, याचं डोकं शांत आहे. बॅटरी खूप चालते, गरम होत नाही. लिहिणं-वाचणं, पिक्चर बघणं, यासाठी एक नंबर. हा दुसरा तेज आहे. तुम्हाला व्हिडिओ कापायचे, जोडायचे आहेत ना, मग हाच घ्या. थोडा तापतो आणि पंख्याचा आवाज येतो, पण कामाला जोरदार."

"तापते?" सिस्टरांनी तेवढाच शब्द उचलला. "चालू कर पाहू दोन्ही."

त्याने दोन्हींवर एकेक जड व्हिडिओ लावला. सिस्टरांनी पहिल्यावर हाताची पालथी बाजू ठेवली, मान हलवली. मग दुसऱ्यावर. दुसऱ्याचा पंखा घूं घूं करू लागला होता. सिस्टरांनी पर्स उघडली, त्यातून जुना पाऱ्याचा थर्मामीटर काढला, झटकला आणि लॅपटॉपच्या कडेला जिथून गरम हवा येत होती तिथे नेऊन धरला.

"मावशी, हे काय करता!" दुकानदार अर्धा उठला.

"बस. हालू नको." थोड्या वेळाने त्यांनी थर्मामीटर उजेडात धरून बघितला आणि मला दाखवला. पारा पार टोकाला जाऊन बसला होता. "पाह्य. अन् धाप तर अशी लागली याले, जसा काही डोंगर चढून आला."

मी म्हटलं, "सिस्टर, तो काम करतोय म्हणून गरम होतोय. आपल्या कामाला तोच बरा." दुकानदारानेही पुन्हा सगळं समजावलं. इतके सज्जन दुकानदार मी कमी पाहिलेत. त्याला त्या दिवशी काहीही खपवता आलं असतं.

"मॅडम," सिस्टर मला म्हणाल्या, "मानूस असो का मशीन, बसल्या जागी ताप येत असन तर आत काही तरी बिघाड हाये. हा थंडा दे, बापा."

मधेच दुकानदाराचा फोन वाजला. बायको होती. "पुन्हा उलट्या? लिंबू घे ना थोडं," असं काहीतरी तो कुजबुजला. सिस्टरांनी काउंटरवरून हात पुढे केला. "आन इकडं." आणि त्या बिचाऱ्या अनोळखी बाईशी लॅपटॉपपेक्षा चौपट वेळ बोलल्या. कितवा महिना, सकाळी उठल्या उठल्या काय खातेस, पाणी किती पितेस. दुकानदार बिल हातात धरून उभा. प्रणाली मुलीला खांद्यावर घेऊन दुसऱ्या, तापलेल्या लॅपटॉपपाशी उभी होती आणि एका बोटाने त्यावरचा व्हिडिओ मागे-पुढे करून बघत होती.

थंड लॅपटॉप घरी आला. सिस्टरांनी त्याच्यावर घालायला टॉवेल आणला. हात धुतल्याशिवाय त्याला शिवायचं नाही असा नियम झाला. कापायचं काम अर्थातच प्रणालीकडे. ती दुपारी मुलीला झोपवून यायची. एक तुकडा कापला की लॅपटॉप थांबायचा, विचार करायचा, मग पुढे सरकायचा. सगळं जोडून झाल्यावर शेवटी व्हिडिओ तयार व्हायला लावला आणि पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलाने चालू लागली.

सिस्टर खुर्ची घेऊन त्याच्याजवळ बसल्या. मी शाळेतून आले तेव्हाही तिथेच.

"उठा ना सिस्टर, त्याचं ते होत राहील."

"अशी सोडून जाता येते का? पहिलटकरीन हाये." मग पट्टीकडे बघून, बाळंतपणात तपासल्यासारखं, "दोन बोटंच हाये आजून. येळ लागन. च्या ठेव तू."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. घाई केली की बिघडतं, आयुष्यात मी कुणालाच घाई केली नाही, असं त्या मला सांगत राहिल्या. चहा झाला, स्वयंपाक झाला. पट्टी जवळजवळ टोकाला पोचली आणि पडदा गोठला. मग काळा झाला.

प्रणालीने बटण दाबून पाहिलं. पुन्हा सुरू केल्यावर काहीच शिल्लक नव्हतं. सिस्टरांनी टॉवेल ओढून लॅपटॉपवर घातला. दगावलेल्या माणसावर चादर ओढावी तसा. "होते असं," त्या म्हणाल्या. "उद्या पाहू."

दुसऱ्या दिवशीही तेच. त्यानंतरही. कधी पट्टी अर्ध्यावर अडकायची, कधी आवाज पुढे आणि सिस्टरांचे ओठ मागे. त्या दर वेळी लॅपटॉपची बाजू घ्यायच्या. हळू आहे पण गुणी आहे. त्याला सवय नाही. ऊन फार आहे. शेवटी एका दुपारी प्रणालीने हात मांडीवर ठेवले आणि खालमानेने म्हणाली, "सिस्टर, हा नाई करू शकत. मले दुकानातच वाटलं व्हतं. त्या दुसऱ्यावर व्हिडिओ कसा पाण्यासारखा मागं-पुढं जात व्हता."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी इचारलंच कुठी?"

ओट्यावर शेजारणीही ऐकत बसल्या होत्या. मला वाटलं, आता प्रणालीची धडगत नाही. सिस्टर उठल्या, आत गेल्या. भांड्यांचा आवाज येईल म्हणून मी वाट पाहिली, तो आला नाही. बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या त्या चहाचे कप घेऊन. पहिला कप त्यांनी प्रणालीला दिला.

"बरोबर हाये तुहं," म्हणाल्या. "काम तू करनार, हात तुहे, अन् पाह्यलं मी. सासूवानी केलं मी."

पुढच्या बाजाराच्या दिवशी थंड लॅपटॉप घेऊन आम्ही पुन्हा वाशीमला. दुकानदाराने खुर्ची पुढे केली, बायकोच्या उलट्या थांबल्याचं सांगितलं आणि सवयीने सिस्टरांकडे वळून बोलायला लागला. सिस्टरांनी हात वर केला. "मले नको सांगू, बापा. तिले सांग."

प्रणाली आधी पदराशी खेळत राहिली. मग तिने ब्लाउजमधून एक पेनड्राइव्ह काढला. त्यावर तिने सिस्टरांच्या बोलण्याचे सगळे तुकडे आणले होते. "हे दोघांवर एकसाथ चालवून दाखवता का?" तिने विचारलं. दुकानदाराने चालवलं. एकीकडे सिस्टर अडखळताहेत, हात हवेतच थांबलेला. दुसरीकडे घडाघडा बोलताहेत. प्रणालीने आणखी विचारलं, मेमरी पुढे वाढवता येईल का, खाली स्टँड ठेवला तर ताप कमी राहील का. तिला एवढं बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते. दुकानदार दर प्रश्नाला उत्तर देताना सरळ बसत गेला. दुसऱ्याचा पंखा घूं घूं करू लागला तसा सिस्टरांचा हात पर्सकडे गेला. तिथेच थांबला. त्यांनी पर्सची चेन लावून टाकली.

"हा," प्रणाली म्हणाली.

"हा," सिस्टर दुकानदाराला म्हणाल्या.

थंड लॅपटॉप मी घेतला. गुणपत्रकं, अहवाल, शाळेची पत्रं यांना तो पुरून उरतो. हे लिहितेय तेही त्याच्यावरच. त्याची काही चूक नव्हती, त्याला भलत्या कामाला जुंपलं होतं.

नव्या लॅपटॉपवर व्हिडिओ चहा उकळेपर्यंत तयार झाला. सिस्टर खुर्ची घेऊन बसतच होत्या. "झालं?" त्यांना ते पटेना. जरा हिरमुसल्याच. पण मग पडद्यावर स्वतःला बघितलं आणि खूश झाल्या. फुलदाणी नाही, गोड आवाज नाही. जांभळ्या साडीतली एक बाई हातात गोळ्यांची पट्टी धरून सांगतेय, "ह्या गोळ्यानं लेकरू काळं होत नाई. लेकराचा रंग मायबापाचा असते. गोळ्या खाल्ल्या तर फक्त संडास काळी होते, तिले कोनी पाह्यत नाई." तेवढ्या एका वाक्यासाठी तो व्हिडिओ गावोगाव फिरला. पोहरादेवीच्या यात्रेत एका बाईने सिस्टरांना ओळखलं आणि गर्दीतच पापणी खाली ओढून दाखवली. सिस्टरांनी नीट बघून "जेमतेम हाये, भाजी खात जाय" असं सांगितलं. लाखोंनी बघितला वगैरे काही नाही. पण उपकेंद्रातल्या नव्या सिस्टर स्वतः चालत घरी आल्या आणि म्हणाल्या, पुढचा व्हिडिओ लसींवर करा ना. त्या दिवशी आमच्याकडे गोड झालं.

वर्षभराने सिस्टर समोरच्या घरी जाऊन बसल्या. प्रणालीने नर्सिंगला जावं, जागा निघाल्यात, वाशीमलाच राहायची सोय आहे, एवढं त्यांनी सांगितलं. सासू म्हणाली, "अन् लेकरू कोन पाह्यन?" नवरा म्हणाला, "सध्या नको, पुढं पाहू." सासरे म्हणाले, "गावात लोक काय म्हनतीन." सिस्टरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, एकालाही तोडलं नाही. मग प्रणालीकडे वळल्या. "तुले जायचं का?"

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती मुलीच्या केसातून हात फिरवत होती. "हो," म्हणाली. आवाज लहान होता, पण मागे-पुढे दुसरा शब्द नव्हता.

सासू रात्रभर रडली आणि सकाळी म्हणाली, लेकरू माझ्याजवळ राहील. प्रणाली गेली, लॅपटॉप तिच्याबरोबर गेला.

त्याच सुमारास माझी रिसोडकडे बदली झाली. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आसेगावला गेले तर सिस्टर ओट्यावर पोपटी साडी नेसून, केस विंचरून बसलेल्या. त्यांनी मला फोन धरायला लावला. हल्ली त्या इथे बोलतात, बोललेलं प्रणालीला पाठवतात, ती तिथून कापून, जोडून सोडते. प्रणालीची मुलगी अंगणात कोंबडीमागे धावत होती. त्या दिवशीचा पाठवलेला तुकडा प्रणालीने बघितला आणि लगेच फोन आला. सिस्टरांनी तो स्पीकरवर टाकला.

"सिस्टर, लय लांबलं. सासवायचं सगळं काढून टाका, विषय तो नाई. उजेड तोंडावर येऊ द्या, खांबाच्या इकडं बसा. अन् बायायवर चिडू नका. त्या घाबरतेत, मंग पूर्न पाह्यत नाई."

या बाईला मी मोठ्या डॉक्टरांशी हुज्जत घालताना बघितलं होतं.

"बरं बाई," सिस्टर म्हणाल्या. खुर्ची उचलून खांबाच्या इकडे ठेवली, पदर नीट केला, घसा साफ केला. "लाव, मॅडम."

मी बटण दाबलं. सिस्टर कॅमेऱ्याकडे बघून हसल्या. इतक्या गोड हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "हे पाहा बायांनो," त्यांनी अगदी मऊ आवाजात सुरुवात केली, "मी आज चिडनार नाई. पन तुमच्यातल्या ज्या ज्या सकाळच्यान उपाशी बसून हे पाहून राह्यल्या ना, त्या आधी उठा. उठा म्हनते ना!"